शाळा घरीच भरली तर?

मुलांनो, खरं खरं सांगा हं! सकाळी आई हाक मारते, "ऊठ रे बाबा, शाळेची वेळ झाली!" तेव्हा पांघरुणात तोंड खुपसून तुमच्या मनात काय येतं? "ही शाळा घरीच असती तर किती मजा आली असती!" असंच ना? दप्तराचं ओझं नाही, प्रार्थनेची रांग नाही, आणि गृहपाठाची वही घरी विसरण्याची भीती तर मुळीच नाही. विसरणार कुठे? वही घरातच!

आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा जरा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. सुट्टी लांबलेली असते. त्यामुळे पहिल्या आठवड्यात वर्गात कुणीतरी हटकून विचारतोच, "सर, शाळेत यायचंच कायले? घरीच शिकलं त नाई चालत का?" सगळा वर्ग हसतो. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही बरं का! जगात लाखो मुलं खरोखरच शाळेत न जाता घरी शिकतात. आपल्याकडेही, विशेषतः पुण्या-मुंबईकडे, काही आईबाबा मुलांना घरीच शिकवतात. आता अमरावती-अकोल्याचे पालकही कधी कधी हळूच विचारतात, "सर, आम्ही घरी शिकवलं तर?"

तर आज आपण एक तराजू घेऊ. एका पारड्यात फायदे टाकू, दुसऱ्यात तोटे. आणि बघू, काटा कुठे झुकतो ते.

घरी शिकून मोठ्या झालेल्या

पहिलं पारडं फायद्यांचं. घरी शिकून माणूस मोठा होतो का? होतो तर! आपल्या महाराष्ट्रातच पाहा.

पंडिता रमाबाई १८५८ साली जन्मल्या. त्या काळी मुलींनी शिकणं लोकांना पाप वाटे. पण त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे वेगळ्या विचारांचे. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. आणि लक्ष्मीबाईंनी ते आपल्या मुलीला शिकवलं. हे कुटुंब तीर्थयात्रा करत गावोगाव फिरत असे. म्हणजे शाळेचं छप्पर नाहीच, घराचंही नाही! आईचा आवाज हीच शाळा. त्याच मुलीचं संस्कृत ऐकून १८७८ मध्ये कोलकात्याचे विद्वान थक्क झाले आणि त्यांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' असे मान दिले.

दुसऱ्या रमाबाई रानडे. १८७३ मध्ये त्यांचं न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झालं तेव्हा त्यांचं वय होतं अवघं अकरा वर्षांचं. अक्षरओळख नव्हती. न्यायमूर्तींनी स्वतः त्यांना शिकवायला घेतलं. घरातल्या बायकांचे टोमणे सोसत, काम सांभाळत त्या मराठी शिकल्या, इंग्रजी शिकल्या. पुढे त्यांनी आपल्या आठवणींचं जे पुस्तक लिहिलं, ते आजही वाचलं जातं.

आणि सावित्रीबाई फुले? त्यांचेही पहिले गुरू जोतीराव, म्हणजे घरचेच!

आता एक अलीकडचं उदाहरण. मुंबईची मालविका राज जोशी. सातवी झाल्यावर तिच्या आईनं तिला शाळेतून काढलं. स्वतःची नोकरी सोडली, मुलीसाठी घरीच अभ्यास आखला. मालविकाला संगणकाच्या प्रोग्रॅमिंगची गोडी लागली. शाळेत या विषयाला आठवड्यातून एखादा तास मिळाला असता. घरी तिला हवे तेवढे तास मिळाले. संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तिनं दोन रौप्य आणि एक कांस्य अशी तीन पदकं मिळवली. दहावी-बारावीची प्रमाणपत्रं नसतानाही २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या नामवंत संस्थेनं तिला प्रवेश दिला.

झालं! काटा फायद्याकडे झुकला, असं तुम्ही म्हणाल. थांबा जरा.

आठ मिनिटांचं गणित

घरी शिकल्यावर इतकं का साधतं, हे समजायला एक सोपं गणित करू. वही-पेन्सिल घ्या.

शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलं आहे. ८०० भागिले २००, म्हणजे दिवसाचे ४ तास. ४ तास म्हणजे २४० मिनिटं. याच कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत तीस मुलांमागे एक शिक्षक. आता २४० ला ३० नं भागा. उत्तर आलं ८.

म्हणजे गुरुजींनी आपला सगळा वेळ मुलांमध्ये सारखा वाटला, तर तुमच्या एकट्याच्या वाट्याला दिवसाची आठ मिनिटं येतात! घरी आई किंवा बाबा शेजारी बसून नीट एक तास शिकवतात, तेवढं लक्ष शाळेत मिळायला साडेसात दिवस लागतील.

घरच्या शाळेचं बळ आहे ते इथं. मूल अडलं की तिथंच थांबता येतं. त्याला पाढे पाठ असतील तर पुढे जाता येतं. मेळघाटातल्या कोरकू मुलांना त्यांच्या भाषेत समजावून सांगणारी आई घरी असते. शाळेत पुस्तक मराठीत असतं. एखादं मूल आजारी असतं, एखाद्याला गर्दीत बोलताच येत नाही, एखाद्याला अक्षरं उलटसुलट दिसतात. अशा मुलांना निवांत वेळ देणारं माणूस घरी असेल, तर त्याचा आधार फार मोठा.

पण गणिताचा दुसरा भागही करायला हवा. २४० मधून ८ गेले, उरले २३२. त्या २३२ मिनिटांत मूल काय करतं? नुसतं बसून राहतं का? नाही. ते दुसऱ्याचं उत्तर ऐकतं. आपल्यासारखीच चूक शेजारच्यानंही केली, हे पाहून त्याला धीर येतो. ते रबर उसनं देतं, भांडतं, कट्टी घेतं, बट्टी करतं. ज्याच्या घरी आपण कधी गेलो नसतो, त्याच्या डब्यातली चटणी खातं. खो-खोमध्ये पाठीवर थाप बसली की उठून धावतं. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. १९१४ पासूनची ती संस्था. तिथल्या खेळाडूंनी १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं जर्मनीत जाऊन दाखवली. सांगा बरं, मानवी मनोरा एकट्यानं रचता येईल का?

आपण सगळ्यांनी चालवलेली घरची शाळा

आणि मुलांनो, घरची शाळा काय असते ते आपण वऱ्हाडात पाहिलेलंच आहे. आठवतं का? तुम्ही तेव्हा लहान असाल, तर दादा-ताईला विचारा. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळांना कुलपं लागली. अमरावती-अकोल्यात तर फेब्रुवारी २०२१ मध्ये पुन्हा टाळेबंदी आली. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला १ डिसेंबर २०२१ उजाडला. म्हणजे वीस महिने! पहिलीत नाव घातलेलं मूल थेट दुसरीत पोचलं आणि मगच त्यानं वर्गातला फळा नीट पाहिला.

त्या दिवसांत सरकारनं 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' असं म्हणत बरेच उपाय केले. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका लागत असे. घरातल्या वस्तू वापरून, घरच्यांबरोबर काय शिकता येईल ते तीत दाखवत. मोबाईलवर धडे येत. आम्ही शिक्षक कधी देवळाच्या ओट्यावर, कधी निंबाखाली चार-चार पोरं बसवून शिकवत असू.

मग काय झालं? एकाच गावात दोन तऱ्हा दिसल्या. ज्या घरात मोठी बहीण कॉलेजात शिकणारी होती, किंवा आईला दुपारी तासभर मोकळा मिळे, तिथली मुलं पुस्तकाच्याही पुढे गेली. एक मुलगी तर घरातली रद्दी वाचून वाचून इतकी सफाईदार वाचायला लागली, की शाळा उघडल्यावर आम्ही बघतच राहिलो. पण शेजारच्याच घरी फोन एकच, तो बाबांच्या खिशात, आणि बाबा दिवसभर बाहेर. तिथल्या पोरानं वीस महिन्यांत अक्षरं पुसून टाकली. त्याच्या आईला विचारलं, तर ती म्हणाली, "सर, म्या वावरात जाऊ का याले शिकवू?" ती काय चुकीचं बोलली? कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून पोराजवळ बसणं तिला परवडणारं नव्हतं.

हे काही एका गावापुरतं नव्हतं. जानेवारी २०२१ मध्ये अझीम प्रेमजी विद्यापीठानं पाच राज्यांत पाहणी केली. त्यांत आपलं शेजारी मध्य प्रदेश होतं. दुसरी ते सहावीच्या १६,०६७ मुलांना तपासलं. शंभरातली ९२ मुलं भाषेतलं आधी येत असलेलं किमान एक कौशल्य विसरली होती, आणि ८२ मुलं गणितातलं.

दोन्ही मुलं घरीच होती ना? मग फरक कुठे पडला? मुलांच्या डोक्यात नाही. फरक पडला तो शेजारी बसणाऱ्या माणसात. पंडिता रमाबाईंना लक्ष्मीबाई होत्या, रमाबाईंना न्यायमूर्ती रानडे होते, मालविकाला नोकरी सोडणारी आई होती. घरची शाळा पुस्तकावर किंवा मोबाईलवर चालत नाही. ती एका माणसाच्या वेळेवर चालते. ते माणूस असेल तर घरासारखी शाळा नाही. नसेल तर घरी शिकणं म्हणजे नुसतं घरी राहणं.

घरी राहणं आणि घरी शिकणं

नुसतं घरी राहण्याची किंमत आपल्या वऱ्हाडाला चांगली ठाऊक आहे. शेंडगावात १८७६ साली डेबूजी नावाचा मुलगा जन्मला. लहानपण गेलं मामाकडे, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात. शाळा त्याच्या वाट्याला आली नाही. गुरं राखली, नांगर धरला, भजन शिकला. अंगी हुशारी होतीच. हाच मुलगा पुढे संत गाडगेबाबा झाला. आता कुणी म्हणेल, "बघा, शाळेवाचून अडलं का?" पण बाबा स्वतः काय सांगत? कीर्तनात समोरच्यांना प्रश्न विचारून विचारून ते एकच गोष्ट पटवत: सणाला, जेवणावळीला कर्ज काढू नका, पोराला शाळेत घाला. शाळा न मिळालेल्या त्या माणसाचं नाव आज अमरावतीच्या विद्यापीठाला आहे.

डॉ. पंजाबराव देशमुखांचंही तसंच. पापळ गावचा हा मुलगा. गावात पुढचा वर्ग नाही म्हणून चांदूर, कारंजा, अमरावती असा शाळेच्या मागे फिरला, आणि मोठेपणी त्यानं गावोगावच्या मुलांसाठी श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली.

आणखी एक गंमत पाहा. घरी शिकलेल्या ज्या तीन बायकांची नावं वर आली, त्यांनी शिकून झाल्यावर काय केलं? सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये जोतीरावांबरोबर पुण्यात मुलींची शाळा चालवली. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं. तिघींनीही शाळाच काढल्या! आपल्याला घरात जे मिळालं, ते सगळ्यांच्या घरात मिळणार नाही, हे त्यांना चांगलं कळलं होतं.

हे आजही संपलेलं नाही. अमरावती जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा गाव आहे. तिथं मतीन भोसले या फासेपारधी समाजातल्या शिक्षकानं २०१२ मध्ये 'प्रश्नचिन्ह' ही आश्रमशाळा सुरू केली. भीक मागत फिरणारी पारध्यांची मुलं गोळा करून त्यांनी शिकवायला घेतलं. या मुलांना "शाळा नको, घरीच शिका" असं सांगून कसं चालेल? काहींना शाळा म्हणजे दुपारची गरम खिचडीसुद्धा असते.

कायदा काय म्हणतो?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे आणि मुलाचं नाव जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे, असं तो सांगतो. घरी शिकवण्याबद्दल त्यात वेगळं कलम नाही. जगातही एकमत नाही. अमेरिकेतल्या सर्व राज्यांत घरी शिकवायला मुभा आहे. जर्मनीत मात्र शाळेत जावंच लागतं, अगदी थोडे अपवाद सोडले तर!

मग घरी शिकलेल्या मुलानं परीक्षा कुठे द्यायची? त्याला वाटा आहेत. १९८९ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. आपल्या राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ पाचवी, आठवी, दहावी आणि बारावीच्या परीक्षा घेतं. आणि आपल्या नेहमीच्या बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावीला बसता येतं, हे तर तुमच्या गावातही कुणीतरी केलेलं असेल. शिवाय घरी जमलं नाही, तर परतीचं दार उघडं असतं. कायद्याप्रमाणे मुलाला वयानुसार योग्य त्या वर्गात घ्यावंच लागतं, दाखला नाही म्हणून अडवता येत नाही.

पण सगळीच दारं सहज उघडत नाहीत. मालविकाला एमआयटीनं घेतलं, पण बारावी नसल्यामुळे आपल्या आयआयटीत तिला प्रवेश मिळणार नव्हता. तेव्हा पालकहो, शाळा सोडायची तर पुढच्या परीक्षेची वाट आधी पाहून ठेवा.

पालकहो, आधी हे विचारा

काटा कुठे झुकला? तो प्रत्येक घरी वेगळा झुकणार. म्हणून निर्णय घेण्याआधी घरात बसून या पाच प्रश्नांची उत्तरं लिहून काढा.

१. रोज, वर्षाचे दोनशे दिवस, मुलाशेजारी कोण बसणार? त्या माणसाचं नाव लिहा. "बघू, कुणीतरी बसेल" हे उत्तर नव्हे.

२. त्या माणसाची मजुरी किंवा नोकरी सुटली, तर घर चालेल का? आणि ते माणूस दरवेळी आईच का, याचाही विचार करा.

३. मुलाला रोज खेळायला, भांडायला, बोलायला त्याच्या वयाची मुलं कुठे मिळणार? आणि ती सगळी आपल्याच गल्लीतली, आपल्याच जातीपातीची नसतील, हे कसं बघणार?

४. आपल्याला न येणारा विषय आला, की काय करणार? सातवीचं विज्ञान आणि इंग्रजी कुणाकडे न्यायचं?

५. मुलाला शाळा का नको आहे? कुणी मारतं का, चिडवतं का, फळा नीट दिसत नाही का, वाचताना अडखळतो म्हणून लाजतो का? बरेचदा शाळा सोडण्याची गरजच नसते. वर्गशिक्षकांशी एकदा मोकळेपणी बोलणं किंवा एक चष्मा पुरेसा असतो!

आणि मुलगी असेल तर एक सहावा प्रश्न. "घरीच शिकेल ती" असं म्हणून तिच्या हाती धाकटा भाऊ आणि चूल तर येणार नाही ना? तसं होणार असेल, तर ती घरची शाळा नव्हे. तिला शाळेतच पाठवा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पक्कं असेल, बाकीच्यांचीही सापडली, तर घरी शिकवणाऱ्या आईबाबांना नावं ठेवायचं कारण नाही. नसेल, तर मुलाला शाळेत पाठवण्यात कमीपणा कसला?

आणि तुम्ही, मुलांनो?

तुम्ही दोन्ही घ्या! शाळेतली तीस मुलं घ्या आणि घरचा एक तासही घ्या. रोज घरातल्या एका माणसाकडून एक तास मागून घ्या. तास नसेल तर अर्धा. तोही नसेल तर आठ मिनिटं मागा. तुमच्या वाट्याला शाळेतही तेवढीच येतात! पण त्या वेळात फोन बाजूला आणि टीव्ही बंद.

काय शिकायचं? बाबांना विचारा, कापूस कितीला गेला आणि एका क्विंटलमागे खर्च किती आला. वजाबाकी करा, नफा काढा. उत्तर उणे आलं तर तेही लिहा, तोही धडाच आहे. आईबरोबर विजेचं बिल वाचा. आजीकडून अशा दहा शब्दांची यादी करा, जे तुमच्या पुस्तकात नाहीत. आजोबांना 'शकुंतला' गाडीबद्दल विचारा. मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूरला आणि दुसरीकडे यवतमाळला ती छोटी गाडी धावत असे. त्यांनी तिच्यातून प्रवास केला असेल, तर तुमचा इतिहासाचा तास झालाच म्हणून समजा.

आणि घरातल्या कुणाला लिहिता-वाचता येत नसेल, तर? मग गुरुजी तुम्ही! शाळेत सकाळी शिकलेलं संध्याकाळी आईला शिकवा. ती कंटाळली, तर तिला गृहपाठ कमी द्या बरं का!

या रविवारपासून सुरुवात करा. आणि महिन्याभरानं आम्हाला एका पत्रात लिहून कळवा: घरच्या तासाला कोण बसलं, आणि कुणी कुणाला शिकवलं?